एका काना-मात्रेचा फरक

चुका काढायचं काम मी ३६ वर्षं केलं. चुका परत लावायचं काम मात्र आयुष्यात एकदाच केलं, आणि त्याला तीन दिवस लागले.

१९८८ चा ऑगस्ट. पुण्यातल्या एका छापखान्यात मी मुद्रितशोधक म्हणून नुकती लागले होते. ऑफसेट आलं होतं, पण आमच्याकडे अजून खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, हातानं जुळवली जायची. गणपती जवळ आले की दिवाळी अंकांची प्रूफं सुरू व्हायची. लांबलचक पट्ट्या, शाई अजून हाताला लागणारी. एकानं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं प्रूफ बघायचं, असा रिवाज. त्या दिवशी वाचणारी मुलगी रजेवर होती, म्हणून मी एकटीच बसले. हस्तलिखित न बघताच बाजूला ठेवलं आणि पहिल्याच ओळीला हादरले. ऱ्हस्वाचं दीर्घ, दीर्घाचं ऱ्हस्व, अनुस्वार गायब, जोडाक्षरं फोडलेली, 'प्रगती'चं 'प्रगति'. वाक्य कुठे संपतं त्याचा पत्ता नाही. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरचं लक्ष नव्हतं असं धरून मी लाल पेन उचललं. मधल्या पट्ट्या स्वच्छ निघाल्या. मला वाटलं, तेवढ्या दुसऱ्या कुणी जुळवल्या असतील. शेवटच्या पट्ट्यांत पुन्हा तोच गोंधळ. संध्याकाळपर्यंत सगळे समास लाल झाले होते आणि चांगलं काम केल्याचं समाधान घेऊन मी घरी गेले.

दोन दिवसांनी भाषांतर करणारे सर दुसरं प्रूफ बघायला आले. निवृत्त शिक्षक होते. त्यांनी उभ्या उभ्या पहिली पट्टी वाचली, चष्मा काढला आणि अगदी हळू विचारलं, "हा माणूस कुठे गेला?"

मला कळेना. "कोण, सर?"

"हे लिहिणारा."

प्रूफ वाचताना आम्ही अर्थ वाचत नाही, अक्षरं वाचतो. ती सवय अंगात मुरल्याशिवाय हे काम होत नाही. त्या दिवशी सरांनी हस्तलिखित माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, घरी नेऊन एकदा गोष्ट म्हणून वाचा. ती डॅनियल कीज यांची 'फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन' होती. मूळ कथा १९५९ ची. तिला दुसऱ्या वर्षी विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. पुढे तिची कादंबरी झाली, पण मी माणसांना नेहमी कथाच वाचायला सांगते.

चार्ली गॉर्डन ३७ वर्षांचा आहे, कारखान्यात झाडलोट करतो, बुद्ध्यांक ६८. त्याला शिकायची फार ओढ आहे. डॉक्टर त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करतात. आधी तीच शस्त्रक्रिया एका पांढऱ्या उंदरावर झालेली असते, त्याचं नाव अल्जरनॉन. चार्लीला रोज काय वाटतं ते लिहून ठेवायला सांगितलेलं असतं, आणि आपण वाचतो ती त्याचीच वही. सुरुवातीला त्याला धड शब्द लिहिता येत नाही. शस्त्रक्रियेनंतर हळूहळू शुद्धलेखन सुधारतं. विरामचिन्हं शिकल्याच्या आनंदात तो एक दिवस प्रत्येक शब्दापुढे स्वल्पविराम देतो. मग वाक्यं लांबतात, अवघड शब्द येतात, आणि बघता बघता तो आपल्या डॉक्टरांच्याही पुढे जातो. आपल्याला हसणारे सोबती मित्र नव्हते, हे त्याला याच काळात कळतं. मग उंदीर बिघडायला लागतो. चार्ली स्वतःच अभ्यास करून सिद्ध करतो की जितक्या वेगानं बुद्धी वाढली तितक्याच वेगानं ती जाणार. त्याच्या हुशारीनं त्याला दिलेलं शेवटचं ज्ञान ते. आणि मग कुठल्याशा पानावर एक ऱ्हस्व चुकतो.

लेखक सांगत नाही की आता उतरण लागली. एक वेलांटी चुकते, बस. आयुष्यभर वेलांट्या बघणाऱ्या बाईला त्या एका वेलांटीनं रडवलं, आणि तीच वेलांटी मी दोन दिवसांपूर्वी लाल पेनानं नीट केली होती.

मग चुका परत लावायला बसलो. कंपोझिटर माझ्या वडिलांच्या वयाचे होते, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. चिमट्यानं एकेक खिळा काढायचा आणि त्या जागी चुकीचा, पण नेमका तोच चुकीचा बसवायचा. मी हस्तलिखितातली चूक मोठ्यानं वाचायची, "'मीत्र', 'म'ला दीर्घ वेलांटी", आणि त्यांनी ती केसमधून उचलायची. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, हे सगळं कशासाठी चाललंय ते तरी सांगा. मी हात चालू ठेवून त्यांना पूर्ण गोष्ट सांगितली. शेवटच्या नोंदीत चार्ली विनंती करतो की जमलं तर मागच्या अंगणातल्या अल्जरनॉनच्या थडग्यावर फुलं ठेवा. मामांनी ती ओळ जुळवली, खिळे जुळवायच्या काडीवर बोट फिरवून उलटी अक्षरं वाचली आणि म्हणाले, "मग ठेवली का कुणी?"

सरांकडून त्या आठवड्यात मी आणखी एक गोष्ट शिकले, ती कुठल्या पुस्तकात मला सापडली नाही. इंग्रजीत स्पेलिंग चुकायला हजार जागा असतात. मराठीत आपण बरंचसं बोलतो तसं लिहितो. मग मराठी चार्लीनं चुकायचं कसं? सोपी वाट होती 'ण'च्या जागी 'न' लिहायची. पाणीचं पानी, कोणीचं कोनी. सरांनी ती वाट घेतली नाही. म्हणाले, "'पानी' ही चूक नाही. ती कुणाची तरी आईची भाषा आहे. ती चार्लीच्या तोंडी घातली, तर अर्धा महाराष्ट्र मंद ठरवल्यासारखं होईल." म्हणून त्यांनी फक्त लिहिताना होतात अशा चुका निवडल्या. वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर. कानाला कळणार नाहीत, कागदावरच दिसतील अशा. ३० पानांच्या हस्तलिखितात एकही 'न' चुकीचा नव्हता.

भाच्यानं परवा न्यू जर्सीहून विचारलं, "मावशी, विज्ञानकथा आणि अद्भुतकथा वाचायच्यात, पण छोट्या. कुठून सुरुवात करू?" तेव्हा मला हे सगळं आठवलं. तो विशीत आहे, वेळ कमी आहे, आणि दहा-दहा खंडांच्या मालिका बघून घाबरलेला आहे. मी त्याला म्हटलं, लांब कादंबऱ्यांची घाईच करू नकोस. या प्रकारातलं सगळ्यात कसदार लिखाण १५-२० पानांतच झालेलं आहे असं माझं ठाम मत आहे. कारण असं की, चांगल्या कथेत लेखक जगात एकच दुरुस्ती करतो. एक काना, एक मात्रा. बाकीचा मजकूर होता तसा ठेवतो, आणि त्या एका फरकानं पुढच्या ओळी कशा हलतात ते शेवटपर्यंत प्रामाणिकपणे बघत राहतो. पंधरा पानं तेवढ्याला पुरतात.

आपल्याकडचं याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. मराठी माणसाला पानिपत सांगावं लागत नाही. १४ जानेवारी १७६१, विश्वासरावांना गोळी लागली, भाऊसाहेब हत्तीवरून उतरले, आणि पुढचं सगळं. 'विश्वास तर पानिपतातच गेला' असं आपण उधारी बुडवणाऱ्यालाही सहज ऐकवतो, इतकं ते आपल्या बोलण्यात भिनलंय. नारळीकरांच्या कथेत इतिहासाचे अभ्यासक गंगाधरपंत गायतोंडे अशा एका जगात जाऊन पोचतात जिथे मराठे ती लढाई जिंकलेले आहेत. इंग्रजांची कंपनी अजून आहे, पण मुंबईसारख्या ठिकाणांपुरतीच. पुण्याहून मुंबईला जाताना सरहद्द लागते, परवाने तपासले जातात, आणि पलीकडे गाडीच्या डब्यांवर छोटा युनियन जॅक दिसतो. पंत घाईनं टाऊन हॉलच्या ग्रंथालयात जातात. हे सगळं कुठे फुटलं, कुठल्या क्षणी, ते त्यांना शोधायचंय.

ते जे शोधतात त्याला आमच्या धंद्यात पाठभेद म्हणतात. एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्या समोर ठेवायच्या, ओळीमागून ओळ लावत जायचं, आणि पहिला फरक कुठे पडला ते पकडायचं. पंतांना तो भाऊसाहेबांच्या बखरीत सापडतो. आपल्या पोथीत गोळी विश्वासरावांना लागते. त्या जगातल्या पोथीत ती कानाला चाटून जाते. शेवटी त्यांच्या हातात उरतं ते बखरीचं एक फाटकं पान. पुढे राजेंद्र देशपांडे नावाचे शास्त्रज्ञ त्यांना पुंजसिद्धांताच्या, म्हणजे क्वांटम थिअरीच्या, आधारे समजावून सांगतात की अशी जगं शेजारी-शेजारी असू शकतात. ते स्पष्टीकरण मला आवडतं, पण कथा तिथे नाही. कथा त्या दोन छापील ओळींच्या फरकात आहे. मी ते पान वाचते तेव्हा माझं बोट नकळत 'चाटून' या शब्दावर थांबतं.

नारळीकर स्वतः या वाटेला आले तेही लपून. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावानं. 'ज. वि. ना.' ही आद्याक्षरं उलटी लावली होती. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून कथा लिहून घेतली होती. तिला पहिलं बक्षीस मिळालं. केंब्रिजहून आलेल्या नामवंत शास्त्रज्ञाला आपली कथा कथा म्हणूनच वाचली जावी असं वाटलं, याचं मला फार अप्रूप आहे. २० मे २०२५ ला ते गेले. त्या रात्री मी त्यांची पुस्तकं काढून बसले होते. 'धूमकेतू'मध्ये शास्त्रज्ञाच्या घरातच होम होतो तो प्रसंग पुन्हा वाचला. धूमकेतू पृथ्वीवर आदळू नये म्हणून जगातले शास्त्रज्ञ एकीकडे झटताहेत आणि घरात बायको शांती करतेय. धूमकेतू टळतो, आणि तो कशामुळे टळला याबद्दल घरातल्या दोघांची दोन मतं राहतात. तो संवाद मी आमच्या घरात कितीतरी वेळा ऐकलेला आहे, फक्त धूमकेतूच्या जागी कुणाचं तरी ऑपरेशन असायचं.

आजी रामनाम लिहायची. लांबट वह्या, निळी शाई, प्रत्येक चौकोनात एकदा 'श्रीराम'. एखादं नाव चुकलं तर ती खोडायची नाही, पण मोजायचीही नाही. आर्थर क्लार्क यांची 'द नाइन बिलियन नेम्स ऑफ गॉड' वाचताना मला तिच्या वह्यांशिवाय दुसरं काही दिसत नाही. कथा १९५३ ची, हवं तर एका बैठकीत दोनदा वाचून होईल. तिबेटमधले लामा तीन शतकं देवाची सगळी नावं लिहून काढताहेत. त्यांची स्वतःची वर्णमाला आहे, कुठलंही नाव नऊ अक्षरांपेक्षा मोठं नाही, म्हणजे सगळ्या शक्य जुळण्या एकामागून एक लिहीत गेलं की खरी नावं त्यात येणारच. हातानं १५,००० वर्षं लागतील, म्हणून ते अमेरिकेतून संगणक भाड्यानं घेतात. यंत्राला १०० दिवस पुरणार असतात. लामा सांगतो की एक अक्षर लागोपाठ तीनपेक्षा जास्त वेळा यायचं नाही. समोरचा म्हणतो, तुम्हाला दोन म्हणायचंय का? लामा म्हणतो, नाही, तीनच. का ते समजावायला फार वेळ लागेल. हा 'तीनच' मला अतिशय प्रिय आहे. इतक्या बारीक नियमावर विश्वास असणाऱ्या माणसांवर आपला आपोआप विश्वास बसतो. पुढे यंत्रातून निघालेले कागद भिक्षू जाडजूड ग्रंथांत चिकटवत बसतात, आणि दोन अमेरिकन इंजिनिअर यादी संपायच्या आत तट्टांवर बसून डोंगर उतरायला लागतात. शेवटचं वाक्य मी सांगणार नाही. एवढंच म्हणते की ते इतक्या शांतपणे लिहिलंय की त्यात एकही शब्द वाढवता येणार नाही आणि एकही कमी करता येणार नाही.

२०२६ चं कॅलेंडर भिंतीवर लावलं त्या दिवशी मी आधी ऑगस्टचं पान उलटून बघितलं. ४ ऑगस्ट, मंगळवार, आषाढातला वद्य पक्ष. ही तारीख रे ब्रॅडबरी यांच्या 'देअर विल कम सॉफ्ट रेन्स' या कथेची. कथा १९५० मध्ये मासिकात आली तेव्हा काळ १९८५ चा होता. पुस्तकात घेताना त्यांनी तो २०२६ केला, आणि पुस्तकाच्या १९९७ च्या आवृत्तीत तारखा आणखी ३१ वर्षं पुढे गेल्या. मी मात्र २०२६ चीच प्रत जपून ठेवली आहे.

या कथेत माणूस नाही. कॅलिफोर्नियातलं एक घर आहे, सगळं आपोआप करणारं. सकाळी सात वाजता ते उठवतं. स्वयंपाकघर आठ टोस्ट आणि आठ अंडी तयार करतं. छतातून आवाज येतो की आज ४ ऑगस्ट २०२६, आज अमक्याचा वाढदिवस, तमकं बिल भरायचंय. पाऊस आहे, रेनकोट घ्या, शाळेला उशीर होतोय. कुणीच येत नाही. अंडी वाळतात, ती खरवडून टाकली जातात. मग ब्रॅडबरी आपल्याला घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीपाशी नेतात. भिंत काळी पडलीय, फक्त काही आकारांत मूळ रंग शिल्लक आहे. गवत कापणारा माणूस, फुलं तोडायला वाकलेली बाई, हवेत हात वर केलेला मुलगा, वर उडालेला चेंडू, आणि तो झेलायला हात उंचावलेली मुलगी. अणुबॉम्बबद्दल जवळजवळ एवढंच. संध्याकाळी घर बाईंना विचारतं, आज कुठली कविता ऐकायची? उत्तर येत नाही म्हणून ते आपल्या मनानं सारा टीसडेल यांची एक कविता वाचून दाखवतं. माणूस नाहीसा झाला तर झाडांना, पाखरांना आणि पावसाला पत्ताही लागणार नाही, अशी ती कविता आहे.

आई गेल्यावर तिच्या मोबाइलवरचा रात्री आठचा गजर वाजत राहिला. रक्तदाबाच्या गोळीचा. फोन देवघराजवळच्या फळीवर असायचा. पहिले काही दिवस आम्ही कुणीच तो बंद केला नाही. आठ वाजले की सगळे बोलायचे थांबायचो, तो वाजून आपोआप शांत व्हायचा, मग पुन्हा बोलायला लागायचो. जवळजवळ महिनाभर. ब्रॅडबरींची कथा मी त्याआधी तीन-चार वेळा वाचली होती आणि ती युद्धाविरुद्धची कथा आहे असं लोकांना सांगत होते. ते बरोबरच आहे. पण त्या महिन्यानंतर ती मला त्या घराची कथा वाटायला लागली.

सगळ्याच गाजलेल्या कथा मला पटतात असं नाही. टॉम गॉडविन यांची 'द कोल्ड इक्वेशन्स' (१९५४) जवळजवळ प्रत्येक निवडक संग्रहात असते. मोजकंच इंधन असलेल्या छोट्या यानात एक मुलगी भावाला भेटायला लपून बसते. तिचं वजन जास्तीचं, तेवढ्या इंधनावर यान उतरणार नाही, म्हणून तिला बाहेर पाठवावं लागणार. निसर्गाच्या गणिताला दया नसते, असं कथा म्हणते. मी म्हणते, गणित निसर्गाचं नव्हतं. कुलूप नसलेलं दार आणि इतकं काठोकाठ मोजलेलं इंधन ही कुणीतरी माणसानं केलेली व्यवस्था होती, आणि कथा त्या माणसाबद्दल चकार शब्द काढत नाही. लेखक मुलीला वाचवण्याच्या युक्त्या शोधत होता आणि संपादक जॉन कॅम्पबेल कथा परत परत पाठवत होते, ही हकीगत प्रसिद्ध आहे. गंमत म्हणजे कीज यांच्याबाबत नेमकं उलट घडलं. एका संपादकानं त्यांना सांगितलं की चार्लीची बुद्धी टिकू दे, शेवट गोड कर, मी लगेच छापतो. कीज यांनी कथा उचलली आणि दुसऱ्या मासिकाला दिली. लेखकानं स्वतः ठरवलेला शेवट आणि त्याच्याकडून करवून घेतलेला शेवट यांतला फरक वाचताना जाणवतो, असं माझं मत आहे.

बंगालीतल्या जगदीशचंद्र बोस यांच्या कथेचाही उल्लेख करायलाच हवा. वनस्पतींवर प्रयोग करणारे तेच बोस. १८९६ मध्ये कुंतलीन नावाच्या केशतेलाच्या मालकांनी कथास्पर्धा ठेवली, आणि बोसांनी अशी कथा लिहिली की समुद्रात तेलाची एक बाटली ओतल्यानं वादळ शमतं. पृष्ठताणाचं शास्त्र, आणि बक्षीसही तेलवाल्यांचंच. ती मिळाली तर जरूर वाचावी.

अद्भुतकथेकडे वळायचं तर आपल्याला दूर जायला नको. जी. ए. कुलकर्णींची 'स्वामी' माझ्या मते मराठीतल्या सर्वांत भीतिदायक कथांपैकी आहे, आणि त्यात भूत नाही, रक्त नाही. परक्या गावात अडकलेला एक प्रवासी मठात मुक्कामाला जातो, प्रसाद घेतो, आणि जागा होतो तो जमिनीखालच्या खोलीत. तिथे त्याला काही कमी नाही. फक्त बाहेर जाता येणार नाही, कारण आता तो स्वामी आहे, आणि वरच्या भक्तांना स्वामी हवा आहे. उर्सुला ले ग्विन यांची 'द वन्स हू वॉक अवे फ्रॉम ओमेलास' (१९७३) मी वाचली तेव्हा मला हाच मठ दिसला. ओमेलास हे सुखी नगर आहे, आणि त्या सुखाची किंमत म्हणून तळघरात एका मुलाला कोंडून ठेवलेलं आहे. नगरातल्या सगळ्यांना ते माहीत आहे. काही जण बघून येतात आणि मग एकेकटे नगर सोडून चालू लागतात. ले ग्विन यांची नजर वरच्या नगरावर आहे. जीए आपल्याला त्या खोलीत बसवतात आणि दार लावून घेतात. त्या अंधारात त्यांनी वाढवलेला एक वेल आहे, वर उजेडाकडे सरकणारा. दोन्ही कथा एकाच दिवशी वाचू नयेत. पण आठवड्याच्या अंतरानं वाचाव्यात, आणि आधी जीए.

भाच्यासाठी यादी लिहायला बसले तेव्हा सगळ्यात वर केन ल्यू यांची 'द पेपर मेनेजरी' घातली. २०११ ची कथा. ह्यूगो, नेब्युला आणि वर्ल्ड फँटसी हे तिन्ही पुरस्कार मिळवणारी ती पहिलीच कलाकृती. अमेरिकेतल्या एका मुलाची चिनी आई आहे. त्याच्या वडिलांनी तिला कॅटलॉगमधून निवडून आणलेलं. तिला इंग्रजी येत नाही. नाताळच्या भेटवस्तूंच्या कागदांतून ती प्राणी घडवते, त्यात फुंकर घालते आणि ते जिवंत होतात. कागदाचा वाघ गुरगुरतो, उशीवर झेप घेतो. एवढी एकच जादू. मुलगा मोठा होतो, त्याला आईची लाज वाटायला लागते, तो तिला इंग्रजीत बोल म्हणतो, आणि वाघ खोक्यात जातो. एका ठिकाणी आई सांगते की 'लव्ह' म्हटलं की मला इथे जाणवतं, आणि ती ओठांना हात लावते. पण आमचा शब्द म्हटला की इथे, आणि हात छातीवर ठेवते. चिनी भाषेतला तो शब्द रोमन लिपीत 'ए-आय' असा लिहितात. आय. इंग्रजी वाचकासाठी तो परका आवाज आहे. मी तो वाचला आणि पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले, कारण माझ्या कानात तो आवाज जन्मापासून दुसऱ्याच अर्थानं आहे, आणि त्या पानावर दोन्ही अर्थ बसत होते.

आई गेल्यावर मुलाला वाघाच्या आतल्या बाजूला पत्र सापडतं. चिनीत लिहिलेलं. वरचा 'मुला' हा शब्द सोडला तर त्याला त्यातलं काही वाचता येत नाही. तो गावात फिरायला आलेल्या चिनी पर्यटकांपैकी एका अनोळखी मुलीला ते वाचून दाखवायला सांगतो.

माझा भाचा मराठी छान बोलतो, 'भूक लागली', 'मावशी, तू कधी येतेस', सगळं. देवनागरी मात्र त्याला येत नाही. मला फोनवर टाइप करून यादी पाठवता आली असती. पण मी ती कागदावर लिहिली, आमच्या छापखान्यात लिहायचे तशी सुटी अक्षरं ठेवून, आणि तिचा फोटो पाठवला. प्रत्येक कथेपुढे दोन ओळी, का वाचायची त्याच्या. लिहून झाल्यावर वाचून बघितली तर 'फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन' राहूनच गेली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या कथेच्या मध्ये काकपद घातलं आणि समासात ती लिहिली.

रविवारी त्याचा फोन आला. बहिणीनं त्याला सगळी यादी वाचून दाखवली होती. म्हणाला, आई वाचत होती आणि मी तिच्या बोटाबरोबर अक्षरं बघत होतो, 'म' आणि 'क' ओळखायला आले. मग म्हणाला, "मावशी, मध्ये एक उलट्या व्ही-सारखी खूण आहे. ती कुठलं अक्षर?"

"अक्षर नाही रे. तिथे एक राहून गेलं होतं, ते बाजूला लिहिलंय. वाचताना ते त्या जागी घ्यायचं."

"म्हणजे मी ती तिसरी वाचू की शेवटची?"

मी म्हटलं, पहिली वाच.